गव्हर्नरकाकांचं गुरुवारचं टेबल

मिसेस डॉयल यांच्यावर अन्याय झाला. गेल्या गुरुवारी, दुपारी चार वाजता, आपल्या वाचनालयाच्या मागच्या खोलीच्या दाराशी.

बघा काका, पहिल्याच ओळीत कुणावर, कधी आणि कुठे, सगळं आलं. आधी मी तिथे तुमचं नाव घातलं होतं. मग तुमचा आवाज ऐकू आला, "गेलेल्या माणसावर कोण कसला अन्याय करणार गं? दारात जिवंत कोण उभं आहे, ते लिही." म्हणून खोडलं. दारात मिसेस डॉयल उभ्या होत्या. ब्याऐंशी वर्षांच्या, बिल्डिंगच्या सहाव्या मजल्यावरून काठी टेकत आलेल्या, हातात कसलंसं सरकारी पत्र. दाराला कुलूप होतं आणि वर सेलोटेपनं चिकटवलेला कागद: ज्या व्यक्तीच्या नावे बुकिंग होते ती व्यक्ती यापुढे उपलब्ध नसल्याने गुरुवारचे बुकिंग रद्द करण्यात आले आहे.

यापुढे उपलब्ध नाही.

तुम्ही रविवारी गेलात, त्याला तेव्हा अकरा दिवस झाले होते. मधल्या गुरुवारी आम्ही सगळे क्रेमेटोरियममध्ये होतो, त्यामुळे टेबल लागलं नाही हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. या अकरा दिवसांत लोक माझ्याशी फार मऊ आवाजात बोलले. आपल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची रांग लागली, तीही एकानं टाकलेली दुसऱ्यानं कॉपी केलेली. मला त्यातलं काही लागलं नाही. त्या कागदावरचं 'उपलब्ध नाही' वाचलं आणि तिथेच, वाचनालयाच्या पॅसेजमध्ये, हमसून हमसून रडले. मग कागदाचा फोटो काढला. पुरावा आधी, रडणं नंतर, असं तुम्ही शिकवलं होतं. क्रम चुकला. सॉरी.

मिसेस डॉयलनी माझ्या पाठीवर काठीचीच मूठ ठेवली. म्हणाल्या, "रडून झालं की सांग, लव्ह. आपण कुणावर ओरडायचंय?"

हे वाचणाऱ्या सगळ्यांना तुम्ही माहीत नाही. काहींना माहीत आहात, पण चुकीचे. मंडळात तुम्हाला 'गव्हर्नर' म्हणायचे. प्रेमानं म्हणायचे असं परवा शोकसभेत दोघंतिघं बोलले. खोटं आहे. चिडवायला म्हणायचे. गणपतीच्या आरतीला तुम्ही पाच मिनिटं उशिरा आलात की मागून कुणीतरी हमखास, "काय गव्हर्नर, आज कुणाची फाशी माफ केली?" तुम्ही हसून प्रसादाच्या रांगेत उभे राहायचात, सगळ्यात शेवटी. तिथे का उभे राहायचात, ते त्यांना कधी कळलं नाही. मलाही उशिराच कळलं.

आपली पहिली भेट आठवते? मी वाचनालयाबाहेर पत्रकं वाटत होते. माझं पहिलंच पत्रक, लाल शाईत, 'वर्षानुवर्षे भाडेकरूंचे शोषण' अशी सुरुवात. इंग्रजीत एक बाजू, मराठीत दुसरी, कारण नागपूरहून बाराव्या वर्षी इथे मिडलंड्समध्ये आले तरी मराठी लिहिता येतं याचा मला माज होता. तुम्ही पत्रक घेतलंत, बाकावर बसलात, खिशातून पेन्सिल काढलीत. मला वाटलं, सही करताय. तुम्ही दुरुस्त्या करत होतात.

"'वर्षानुवर्षे' हा कुठला वार?" तुम्ही विचारलंत.

"म्हणजे?"

"म्हणजे अन्याय मंगळवारी होतो, सव्वादहाला होतो. कुणावर तरी होतो. 'वर्षानुवर्षे' कुणावरच होत नाही. आणि हे शेवटी 'लढा चालूच राहील' लिहिलंयस. चालू दे की. वाचणाऱ्यानं काय करायचं? घरी जाऊन चहा करायचा?"

मी म्हटलं, "काका, तुम्ही मास्तर होता का?"

"कारखान्याच्या टूलरूममध्ये होतो. तिथे चूक असली की बोट जातं."

ते वाक्य तुम्ही सहज म्हणालात असं मला तेव्हा वाटलं होतं.

मग दर गुरुवारी मी येत गेले. मागच्या खोलीत तुम्ही घडीचं टेबल उघडायचात, एक जाड वही, दोन खुर्च्या. दोन्ही टेबलाच्या एकाच बाजूला. माणूस समोर बसला की आपण साहेब होतो, शेजारी बसला की शेजारी. लोक यायचे. घराला ओल, मुलीला शाळेत जागा नाही, व्हिसाचं पत्र कळत नाही. तुम्ही त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायचात, मग वाचून दाखवायचात आणि विचारायचात, "असंच म्हणालात ना?" आणि थांबायचात.

हे थांबणं मला असह्य व्हायचं. बाहेर पाच माणसं, घड्याळ पळतंय, आणि तुम्ही पेन खाली ठेवून शांत. मी टेबलाखालून पाय हलवायचे. पण बहुतेक वेळा त्या शांततेतच माणूस म्हणायचा, "तसं... अजून एक आहे." आणि तेच खरं असायचं.

शेवटचा माणूस झाला की तुम्ही वही त्याच्यापुढे सरकवायचात. पानाच्या तळाशी त्यानं लिहायचं, 'आज सगळ्यांचं ऐकलं', आणि सही. त्याची सही झाल्याशिवाय त्या दिवसाचं पान बंद होत नसे.

"आणि शेवटचा नाही म्हणाला तर?" मी एकदा विचारलं.

"तर त्याच्यापुढचे बाहेर कुठे गेलेत ते शोधायचं. शेवटच्याला सगळं दिसतं. तो अख्खी रांग बघत उभा असतो."

हे तुमचं नव्हतं. हे तुमच्या गव्हर्नरचं होतं.

त्याचं नाव तुम्ही कधी घेतलं नाहीत, म्हणून मीही इथे घेत नाही. अमेरिकेतल्या एका छोट्या राज्याचा गव्हर्नर. आधी गुरांचा डॉक्टर. तुम्ही म्हणायचात, "जनावर बोलत नाही, त्यामुळे त्याला थांबायची सवय होती." निवडून आल्यावर त्यानं पहिलं काम केलं ते आपल्या ऑफिसचं दार गुरुवारी उघडं ठेवायचं. कुणीही यावं, रांगेत उभं राहावं. त्या रांगेतूनच त्याला कळलं की राज्याच्या वेड्यांच्या इस्पितळात कुलूपबंद वॉर्ड आहेत. तो तिथे न सांगता गेला आणि रोग्यांच्या ताटातलं जेवला. नंतर ती कुलपं काढली. तुरुंगातल्या कैद्यांना पत्रं लिहायची परवानगी त्यानं दिली. आणि त्याच रांगेत एकदा मिरजेचा एक तेवीस वर्षांचा पोरगा उभा राहिला, कंपनीनं दीड वर्षासाठी तिकडच्या कारखान्यात शिकायला पाठवलेला.

ही गोष्ट तुम्ही मला एकदाच सांगितलीत. वही मिटवून, दोन्ही हात तिच्यावर ठेवून.

शेजारच्या प्रेसवर काम करणाऱ्या माणसाची तीन बोटं गेली होती. कारखाना म्हणाला, त्याचं लक्ष नव्हतं. तुम्ही बघितलं होतं, काम भराभर निघावं म्हणून फोरमननं मशीनची संरक्षक जाळी काढून ठेवली होती. तुम्ही गव्हर्नरपुढे गेलात आणि सांगितलंत की जाळी नव्हती. कुणी काढली ते सांगितलं नाहीत. फोरमन तुम्हाला रोज गाडीतून कामावर न्यायचा. ख्रिसमसला त्याच्या घरी जेवला होतात. शिवाय तुम्ही परक्या देशातून आलेला पोरगा, कागदांवर फोरमनची सही नसती तर परत पाठवणी.

गव्हर्नरनं लिहिलं, वाचून दाखवलं, विचारलं, असंच म्हणालात ना? तुम्ही म्हणालात, हो. त्यानं पेन खाली ठेवलं. आणि तो थांबला.

"किती वेळ?" मी विचारलं होतं.

"माहीत नाही. तो माझ्याकडे बघत नव्हता गं. खिडकीबाहेर बघत होता. बघितलं असतं तर मी गप्प राहिलो असतो."

मग तुम्ही नाव सांगितलंत.

पुढे त्यानं कारखाना-तपासणीचा कायदा आणला. तीन-चार कारखाने शेजारच्या राज्यात निघून गेले, आणि पुढच्या निवडणुकीत तो पडला. दणकून. ज्यांची बोटं त्यानं वाचवली त्यांनीच पाडलं. तुम्ही तोवर इथे आला होतात, काकूंशी लग्न केलं होतंत. ही बातमी तुम्हाला त्या तीन बोटं गेलेल्या माणसानं पत्रातून कळवली. डाव्या हातानं लिहिलेलं पत्र.

आणि मग तुमचं आयुष्यही तसंच गेलं, काका. तीन वेळा कौन्सिलर झालात. लोकांना भेटायला दर आठवड्याला जी बैठक असते, इथे तिला सर्जरी म्हणतात, ती तुम्ही गुरुवारी घ्यायचात. तुरुंगातून सुटलेल्यांसाठी एक घर काढायचं ठरलं, तेव्हा तुम्ही बाजूनं मत दिलंत. घर तुमच्याच रस्त्यावर होतं, तुमच्यापासून चौथं. शेजाऱ्यांनी तुमच्याविरुद्ध दारोदार पत्रकं वाटली. त्यात मंडळातली माणसंही होती, आज ज्यांची श्रद्धांजली सगळ्यात लांब आहे तीही. काकू सांगत होत्या, त्या वर्षी गणपतीला एकवीस मोदक केले आणि खायला कुणी फारसं आलंच नाही, सोळा उरले. तुम्ही पडलात. पुढच्याच गुरुवारी वाचनालयात गेलात आणि साधा रहिवासी म्हणून मागची खोली बुक केलीत.

"हरलात ना शेवटी," मी म्हणायचे. "तुम्हीही आणि तो गुरांचा डॉक्टरही. एका भल्या माणसाच्या जिवावर चालणारी गोष्ट त्या माणसाबरोबर जाते. संघटना हवी, काका. दबाव हवा."

"हो, हो. तुझा भोंगा हवा."

"माझ्या भोंग्यानं लिफ्ट सुरू झाली!"

"लिफ्ट माझ्या पत्रानं सुरू झाली."

हा आपला सगळ्यात जुना तंटा. मिसेस डॉयलच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद पडली होती. त्या महिनाभर सहाव्या मजल्यावर अडकल्या होत्या, खाली उतरल्या तर परत चढता येणार नाही म्हणून. तुम्ही वर जाऊन त्यांची तक्रार लिहून आणलीत. मी ती वहीत वाचली आणि परस्पर पत्रक काढलं. मोठ्या अक्षरांत: 'एकाकी, असहाय आजी सहाव्या मजल्यावर अश्रू ढाळते आहे.' खाली त्यांचं नाव. हजार प्रती. मला वाटलं, काय जबरदस्त लिहिलंय.

तुम्ही पत्रक वाचलंत आणि ओरडला नाहीत. ओरडला असता तर बरं झालं असतं. एवढंच म्हणालात, "त्यांना वाचून दाखवलंस?"

"काका, सगळं खरंच आहे त्यात."

"चल."

सहा मजले. तुम्ही अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, प्रत्येक मजल्यावर थांबत होतात. मी म्हणत होते, मी एकटी जाते. तुम्ही म्हणत होतात, गप्प चढ. वर गेल्यावर मिसेस डॉयलनी चहा टाकला, आणि तुम्ही मला म्हणालात, "वाच." मी त्यांचंच वर्णन त्यांच्यासमोर उभी राहून वाचलं. 'अश्रू ढाळते' हे तर मी पायांकडे बघत वाचलं.

"असंच म्हणालात ना?" तुम्ही त्यांना विचारलंत. आणि थांबलात. अर्थातच थांबलात.

मिसेस डॉयलनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, "मी रडले नाही. मी नवरा गेला तेव्हासुद्धा या लोकांसमोर रडले नाही. माझा भाऊ आता हे वाचणार, फोन करून म्हणणार, चल, तुला म्हाताऱ्यांच्या होममध्ये ठेवतो. मी असहाय नाही, मी संतापले आहे. हे इतकं कठीण होतं का लिहायला?"

मी तोपर्यंत समजत होते की अन्याय समोरचे लोक करतात. घरमालक, कंत्राटदार, मिनिस्टर. त्या दिवशी कळलं, अन्याय झाला मिसेस डॉयलवर, शुक्रवारी सकाळी, त्या पत्रकांच्या हजार प्रती छापून आल्या तेव्हा, आणि केला मी. उतरताना चौथ्या मजल्यावर मी जिन्यात बसले. तुम्ही गुडघे धरत माझ्या शेजारी बसलात. टेबलासारखेच, एकाच बाजूला. मला वाटलं, आता उपदेश. तुम्ही म्हणालात, "दुसरं पत्रक त्यांनाच लिहायला सांग. त्या तुझ्यापेक्षा शिव्या चांगल्या देतात."

दुसरं पत्रक त्यांनी लिहिलं. 'मी संतापले आहे' अशी सुरुवात. नऊ दिवसांनी लिफ्ट सुरू झाली. तुमचं पत्रही त्याच आठवड्यात कौन्सिलच्या मीटिंगपुढे आलं होतं. म्हणजे श्रेय कुणाचं हे ठरलंच नाही, आणि तुम्ही ते न ठरवता निघून गेलात. हे बरोबर नाही केलंत. मी अजूनही म्हणते, माझ्या भोंग्यानं. आता उत्तर द्यायला कुणी नाही, म्हणून जिंकल्यासारखंही वाटत नाही.

आता कठीण भाग. मी टाळत होते. पेन खाली ठेवून थांबलात तुम्ही, म्हणून सांगते.

तुमच्या शेवटच्या गुरुवारी मी तुमच्याशी भांडले. रविवारी तुम्ही जाणार आहात हे मला माहीत नव्हतं, पण हे कारण पुरेसं नाही. मी गेले वर्षभर मागे लागले होते की या टेबलाची रीतसर समिती करू या, चार नावं घालू या, पाळ्या लावू या. तुम्ही म्हणायचात, बघू. गव्हर्नरच्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण झालं की बघू. ते पुस्तक तुम्ही किती वर्षं लिहीत होतात! अमेरिकेतल्या विसरलेल्या माणसाचं चरित्र, मराठीतून, मिडलंड्समधल्या घरांच्या ओळीतल्या एका टेरेस हाउसच्या स्वयंपाकघरात. काकू म्हणायच्या, "माझी सवत गुरांचा डॉक्टर आहे."

त्या दिवशी माझा तोल गेला. मी म्हटलं, "तुम्ही गेल्यावर काय होणार या टेबलाचं? तुमच्यासारखी माणसं मरताना सगळं बरोबर घेऊन जातात. हा सुधारकांचा अहंकार आहे, काका."

तुम्ही वही बंद करत होतात. वर बघितलं नाहीत. खिडकीबाहेर बघत म्हणालात, "काय होणार, ते तू सांग."

आणि थांबलात.

मला वाटलं, तुम्ही विषय टाळताय. मी बॅग उचलली आणि बसला पळाले. तुम्ही किती वेळ थांबला होतात तिथे? खुर्च्या एकट्यानं घडी केल्यात का? सगळ्यांच्या खऱ्या गोष्टी ज्या शांततेत बाहेर आल्या, ती तुम्ही मलाही दिलीत, आणि मी कॉव्हेंट्रीची सहा पन्नासची बस पकडली.

कागद वाचून रडून झाल्यावर मी आणि मिसेस डॉयल वाचनालयाच्या मॅनेजरकडे गेलो. ओरडायलाच. पण ती बाईही बिचारी तुमच्याकडे एकदा येऊन गेलेली निघाली, आईच्या पेन्शनच्या कामासाठी. तिनं तुमचा बुकिंगचा फॉर्म काढून दाखवला. म्हणाली, "दुसऱ्या जबाबदार व्यक्तीचं नाव असतं तर मला काही रद्द करावं लागलं नसतं. पण हे बघा काय लिहिलंय."

दुसऱ्या जबाबदार व्यक्तीच्या चौकटीत, तुमच्या टूलरूमच्या सरळ अक्षरात, इंग्रजीत लिहिलं होतं: रांगेतला शेवटचा माणूस.

दर वर्षीच्या फॉर्मवर तेच. तिनं सगळे दाखवले. कंप्युटरला असं नाव चालत नाही, म्हणून ती चौकट रिकामी धरली जात होती, आणि तुम्ही उपलब्ध होतात तोवर ते चालून गेलं.

काका, मला हसू आलं आणि इतका राग आला! एवढी हुशारी, एवढं टूलरूमचं काटेकोर काम, आणि फॉर्म भरताना कविता? एक खरं नाव लिहिलं असतंत तर आज दार उघडं असतं. माझं लिहायचंत. मी 'नाही' म्हणाले असते का?

मग आठवलं, तुम्ही विचारलं होतं. मी बस पकडली होती.

काकूंनी परवा मला पुस्तकाची फाइल दिली. "तू वाच. मला त्याच्या गुरांचा कंटाळा आलाय," म्हणाल्या, आणि मग पदरानं चष्मा पुसत बसल्या, बराच वेळ. शेवटचं प्रकरण अर्धं आहे. पडल्यानंतरचा पहिला गुरुवार. नव्या गव्हर्नरनं दार बंद केलंय. जुना गव्हर्नर सकाळी जेवणाचा डबा घेऊन येतो आणि त्याच बंद दारासमोर, साधा माणूस म्हणून, रांगेत उभा राहतो. एकटाच. रांग त्याच्यापासून सुरू आणि त्याच्याशीच संपते. दुपारपर्यंत त्याच्यामागे एक बाई येऊन उभी राहते. मग एक सुतार. इथे पान संपतं.

पुढे दार उघडलं का? मी शोधलं. हरलेल्या गव्हर्नरबद्दल इंटरनेटवर दोन ओळी आहेत. गुरुवारचं त्यात काही नाही. तुम्हाला माहीत असणार. तीन बोटं गेलेल्या माणसानं तेही कळवलं असणार. इतकी वर्षं ही गोष्ट मी तुमच्याकडून तुकड्यातुकड्यानं ऐकली आणि शेवट विचारला नाही, कारण तो हरला एवढंच मला भांडायला पुरत होतं.

आपला तंटा मी असा मिटवते, बघा पटतं का. मी म्हणत होते, भल्या माणसाबरोबर गोष्ट मरते. मरते. पुरावा माझ्या फोनमध्ये आहे, सेलोटेपनं चिकटवलेला. पण तुम्ही टेबल कुणा भल्या माणसाच्या नावावर केलंच नव्हतं. रांगेच्या नावावर केलं होतंत. रांग आली नाही तर तुम्ही चुकलात, आली तर मी. पहिल्यांदाच मला मनापासून हरायचंय, काका.

आणि आता तुमच्या दुसऱ्या नियमाप्रमाणे, वाचणाऱ्यांनो, तुम्ही काय करायचं ते.

मॅनेजरनं सांगितलंय की या गुरुवारी तिचे वरचे अधिकारी येणार आहेत. खोली खरंच कुणाला लागते का, हे बघायला. लागत नसेल तर गुरुवार दुसऱ्या कुणाला देणार. त्यांना पत्रं नकोत, ऑनलाइन सह्या नकोत. माणसं दिसली पाहिजेत. आणि फॉर्मवर दुसऱ्या जबाबदार व्यक्तीचं एक खरं नाव पाहिजे.

हे शेअर करू नका. हात जोडलेले इमोजी टाकू नका. मंडळातल्या ज्या सोळा मोदकवाल्यांनी तेव्हा तोंड फिरवलं, त्यांनी तर आधी यावं. मी काही बोलणार नाही, शब्द देते. मिसेस डॉयल बोलतील, त्यांचा शब्द मी देऊ शकत नाही. तक्रार असेल तर घेऊन या, नसेल तर रिकाम्या हातानं या. नॉटिंगहॅमहून येणाऱ्यांनी कॉव्हेंट्रीला उतरून बस पकडावी, चाळीस मिनिटं लागतात. परतीच्या बसची वेळ बघू नका.

चार वाजता. दाराला कुलूप असेल. कुलपाशी सगळ्यात पुढे मिसेस डॉयल, त्यांच्यामागे काकू, त्यांच्यामागे मी. वही माझ्याजवळ आहे. शेवटच्या पानावर काकांची तारीख आहे, तळाची सही राहिली आहे, कारण त्या दिवशी शेवटची मीच उरले होते. शेवटच्या माणसानं ती करायची, आणि फॉर्मवर नाव त्याचंच जाईल.

माझ्यामागे कुणी आलं नाही तर ती सही मला करावी लागेल. मी करीन, पळून जाणार नाही. पण 'आज सगळ्यांचं ऐकलं' हे मला खोटं लिहायला लावू नका. गुरुवारी या आणि माझ्यामागे उभे राहा.